निर्णय एकाचा, निवेदन दुसऱ्याचे

‘हा माझा वैयक्तिक प्रश्न आहे’ या विधानाला मराठी सामाजिक विचारात एक प्रतिष्ठा आहे आणि ती सुखासुखी मिळालेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत माणसाने कोणाच्या हातचे पाणी प्यावे, शेंडी ठेवावी की नाही, मुलीचे लग्न कोणत्या वर्षी करावे, विधवेशी विवाह करावा की करू नये, या साऱ्या गोष्टींचा निर्णय जात, कुटुंब आणि प्रसंगी शंकराचार्यांचे पीठ यांच्या हाती होता. व्यक्तीच्या वर्तनापैकी काही भाग निखालस तिचा स्वतःचा असतो आणि तेथे समाजाने हात घालू नये, ही भूमिका आगरकरांपासून र. धों. कर्वे यांच्यापर्यंत अनेकांनी मोठी किंमत देऊन मांडली. त्यामुळे ‘वैयक्तिक’ या शब्दाची चिकित्सा करू पाहणाऱ्याने आरंभीच सावध असले पाहिजे. वैयक्तिक असे काही नसतेच, प्रत्येक कृतीचा परिणाम इतरांवर होतो, हे विधान वस्तुतः सनातन्यांचे हुकमी अस्त्र आहे. ग्रामण्याची सगळी इमारत याच विधानावर उभी होती.

या वादात ज्याचा आधार वारंवार घेतला गेला त्या जॉन स्टुअर्ट मिलने स्वतः हा प्रश्न टाळलेला नव्हता. ‘ऑन लिबर्टी’ (१८५९) या ग्रंथाच्या चौथ्या प्रकरणात तो मोकळेपणाने मान्य करतो, की कोणीही मनुष्य सर्वस्वी एकाकी नसतो आणि जो स्वतःचे गंभीर नुकसान करून घेतो त्याची झळ निदान त्याच्या निकटवर्तीयांना पोहोचतेच. मग त्यातून तो जी वाट काढतो ती अशी : उधळ्या माणसाला उधळेपणाबद्दल शासन करू नये, पण त्या उधळेपणामुळे त्याने कुटुंबाविषयीचे किंवा धनकोविषयीचे आपले निश्चित कर्तव्य मोडले असेल, तर त्या कर्तव्यभंगाचा जाब विचारावा. जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने १८७३ मध्ये या भेदावर कठोर टीका केली. पण त्या वादाच्या तपशिलात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच, की मिलच्या युक्तिवादात कुटुंब येते ते जाब विचारणाऱ्या समाजाच्या मुखातून. कुटुंबातील माणूस तेथे स्वतः बोलत नाही. त्याचे नुकसान मोजले जाते. त्याचे म्हणणे ऐकले जात नाही.

तत्त्वचर्चेची ही मर्यादा ललित आणि आत्मपर गद्य ओलांडू शकते, आणि मराठीने ती एकदा फार विलक्षण रीतीने ओलांडली आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून १९३६ पर्यंत चार भागांत प्रसिद्ध झाले. या ग्रंथाविषयी मराठी समीक्षेने पुष्कळ लिहिले आहे. किंबहुना एकाच गोष्टीविषयी पुष्कळ लिहिले आहे. साधी भाषा, निर्व्याज विनोद, नितळ मन, कटुतेचा अभाव ही विशेषणे इतक्या वेळा वापरली गेली आहेत, की ग्रंथाचा गाभा एक निर्णय आणि त्याचे वाटप हा आहे, याकडे दुर्लक्षच झाले. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या वेळी पत्नी तेथे नव्हती. तिला ही बातमी इतरांकडून कळली. मुलगा दत्तू तीन-चार वर्षांचा होता. पुढची जवळजवळ पाच वर्षे पती-पत्नी वेगळी राहिली. सदसद्विवेकाच्या निर्णयाहून अधिक वैयक्तिक असा निर्णय दुसरा कोणता कल्पावा? टिळकांच्या चरित्राच्या दृष्टीने पाहिले तर १८९५ हा एका दीर्घ आध्यात्मिक शोधाचा शेवट आहे. १८९३ मध्ये राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने दिलेला नवा करार, त्यानंतरचे वाचन, मनातील झगडा, आणि मग शांती. ही रेषा सरळ आहे. ‘स्मृतिचित्रे’त तीच तारीख एका रेषेचा शेवट नसून घर दुभंगण्याचा आरंभ आहे.

येथे निवेदकाच्या स्थानाचा प्रश्न उपस्थित होतो. निर्णय घेणारा जेव्हा स्वतःची कथा सांगतो तेव्हा निर्णयापूर्वीचा काळ विस्तारतो आणि निर्णयानंतरचा काळ आटतो. संशय, वाचन, अस्वस्थता, साक्षात्कार यांनाच कथानकाचे रूप येते. निर्णय ज्याच्यावर कोसळतो तो निवेदक असला, की नेमके उलट घडते. निर्णयापूर्वीच्या मनोव्यापाराची त्याला फारशी माहिती नसते. तो त्याच्या दृष्टीने बंद दाराआडचा प्रकार असतो. त्याच्याजवळ असतात ते नंतरचे दिवस : कोणाच्या घरी राहायचे, मुलाला कोण सांभाळणार, आलेल्या पत्राला उत्तर द्यायचे की नाही, लोक काय विचारतात आणि काय विचारीत नाहीत. म्हणूनच एखादा निर्णय स्वतःपुरता आहे की नाही, हा गुण त्या निर्णयाच्या अंगी असण्यापेक्षा बहुधा निवेदनाच्या अंगी असतो. सांगणारा बदलला, की स्वतःपुरता निर्णय पंक्तीला बसलेल्या सर्वांच्या पानात वाढला जातो.

हे सूत्र लक्ष्मीबाईंना ग्रंथाच्या पहिल्याच पानांपासून गवसलेले आहे. तेथे टिळक अजून आलेले नाहीत. तेथे आहे ते त्यांच्या वडिलांचे सोवळे. १८५७ च्या धामधुमीत जवळच्या आप्ताला झालेल्या फाशीचा धक्का या गृहस्थांनी असा काही घेतला, की त्यांचे उर्वरित आयुष्य शुद्धाशुद्धतेच्या भयाखाली गेले. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली जाऊ लागली. मीठ, साखर यांसारखे पाण्याशी वैर असलेले पदार्थही सुटले नाहीत. या प्रकरणाला वाचक हसतात, आणि हसावे असेच ते लिहिलेले आहे. पण हसताना एक गोष्ट निसटते. हे सोवळे त्या गृहस्थांचे सर्वथा वैयक्तिक होते. शास्त्राने ते सांगितलेले नव्हते, जातीने ते मागितलेले नव्हते. किंबहुना जातीच्याही दृष्टीने तो अतिरेकच होता. तरी पाणी शेंदणारे हात मात्र त्यांचे एकट्याचे नव्हते. एका माणसाच्या मनातील भय घरातल्या बायकामुलांच्या दिनक्रमात कसे रूपांतरित होते, याचा हा मराठीतील पहिल्या प्रतीचा आलेख आहे, आणि तो ग्रंथारंभी असणे हा योगायोग मानणे कठीण आहे. लहानपणी पित्याच्या सोवळ्याचा आणि तरुणपणी पतीच्या धर्मांतराचा भार ज्या मुलीने उचलला, तिला दोन्हींतले साम्य दिसले नसेल असे समजणे हे तिच्या ‘साधेपणा’विषयीच्या आपल्या हट्टाचे लक्षण आहे. एक निर्णय प्रतिगामी आणि दुसरा पुरोगामी, हा भेद आपला. सोसणाऱ्याच्या बाजूने पाहता दोन्ही निर्णयांत तिला विचारलेले नाही, एवढे समान आहे.

याचा अर्थ ग्रंथ टिळकांवर आरोपपत्र ठेवतो असा मात्र नाही, आणि काही स्त्रीवादी वाचनांनी त्याला तसे वळण दिले आहे ते ग्रंथाला न्याय देणारे नाही. लक्ष्मीबाईंची नैतिक सूक्ष्मता अशी, की त्या दोन प्रकारच्या दुःखांची गल्लत होऊ देत नाहीत. टिळकांनी सांगितले नाही, घरात पैसा टिकू दिला नाही, आले-गेलेल्यांना घरातले देऊन टाकले, नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या, हे टिळकांच्या खात्यावर जाते, आणि ते त्या एखाद्या चोख हिशेबनिसाप्रमाणे मांडतात. उलट नातेवाइकांचा पहारा, सहानुभूतीच्या आवरणाखालील उपहास, पतीच्या जिवंतपणीच विधवेसारखे जिणे, हे सारे टिळकांच्या धर्मांतरानंतर घडले तरी धर्मांतराने घडवलेले नाही. ते घडवले जातीने. दीक्षेच्या पाण्याचा एक थेंबही लक्ष्मीबाईंच्या अंगावर उडालेला नव्हता. तो उडाल्याचे समाजाने ठरवले आणि त्याप्रमाणे वागणूक दिली. ‘तुझ्या निर्णयाने तुझ्या घरच्यांचे हाल झाले’ असे सांगणारा समाज पुष्कळदा ते हाल स्वतःच्या हाताने करीत असतो. या दोहोंतील अंतर मिलच्या विवेचनातही इतके स्पष्ट झालेले नाही, कारण त्याच्यापुढे जातीसारखी, व्यक्तीच्या कृत्याचा दंड तिच्या गोतावळ्याकडून वसूल करणारी यंत्रणा नव्हती.

तत्कालीन कायद्याची भाषा या संदर्भात पाहण्यासारखी आहे. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क सुरक्षित केला. १८६६ च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या देशी पुरुषाला किंवा स्त्रीला विवाहविच्छेदाची वाट दिली. पतीने धर्म बदलला आणि त्या कारणाने पत्नी सलग सहा महिने त्याच्यापासून दूर राहिली, तर त्याला न्यायालयात जाता येत होते. पतीने ओलांडलेला उंबरठा कायद्याला दिसत नव्हता. जी होती तेथेच राहिली तिने मात्र पतीचा ‘त्याग’ केला असे कायदा म्हणत होता. दाद मागण्याचा अधिकार होता तो निर्णय घेणाऱ्याला. टिळकांनी त्या वाटेचा अवलंब केला नाही. त्यांनी पत्रे पाठवली, वाट पाहिली, आणि पत्नी परत आल्यावर तिचा स्वयंपाक आणि तिचे सोवळे यांवर जबरदस्ती केली नाही. हे त्यांच्या खात्यावर जमेच्या बाजूला लिहिले पाहिजे आणि लक्ष्मीबाईंनी ते लिहिलेही आहे.

१९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी आणि दत्तूने दीक्षा घेतली. हा लक्ष्मीबाईंचा निर्णय होता की टिळकांच्या निर्णयाचा अखेरचा परिणाम? ग्रंथाने या प्रश्नाला दिलेले उत्तर वरवर सरळ आणि आत गुंतागुंतीचे आहे. त्यांच्या कथनात बाप्तिस्म्यापेक्षा महत्त्वाचा क्षण त्याच्या आधी येऊन गेलेला आहे : जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, या निष्कर्षाप्रत त्या एकट्या, स्वतःशी वाद घालीत पोहोचतात. येथे टिळकांचा उपदेश नाही, मिशनऱ्याचे प्रवचन नाही. पण टिळकांचा निर्णय घडला नसता तर त्या त्या ठिकाणी, त्या शेजाऱ्यांमध्ये, त्या प्रश्नापुढे कधी आल्याच नसत्या, हेही तितकेच खरे. परिणाम आणि प्रतिसाद हे दोन शब्द आपण एका अर्थाने वापरतो. ते वेगळे ठेवले पाहिजेत. परिणाम वस्तूवर होतो. माणूस प्रतिसाद देतो, आणि त्यासाठी त्याला वेळ लागतो. लक्ष्मीबाईंना पाच वर्षे लागली. दत्तूला मात्र कोणी वेळ दिला नाही. तो नऊ वर्षांचाही पुरता नव्हता. त्याच्या बाबतीत दोन निर्णयांचे ओझे आहे, आणि दुसरा निर्णय आईचा आहे. लक्ष्मीबाई स्वतः निर्णयकर्त्या होतात तेव्हा त्यांच्याही निवेदनात मुलाचे मन काहीसे पुसट होते, हे नोंदवणे त्यांच्यावर अन्याय करणारे नाही. ते निवेदनाच्या स्थानाविषयी वर जे म्हटले त्याचेच प्रत्यंतर आहे.

टिळकांचे उदाहरण एका टोकाचे. दुसऱ्या टोकाला न्यायमूर्ती रानडे उभे आहेत, आणि योगायोग असा की त्यांचीही कथा पत्नीनेच सांगितली आहे. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. रानडे हे आपल्या वर्तनाचा इतरांवर काय परिणाम होईल याचा सतत विचार करणारे गृहस्थ. १८७३ मध्ये पहिली पत्नी वारल्यावर, विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या एकतीस वर्षांच्या पुरुषाने वडिलांच्या शब्दाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. १८९० मधील पंचहौद मिशनच्या चहाचे ग्रामण्य पुण्यात गाजले. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले, आणि तेही स्वतःसाठी नव्हे, तर ज्यांची कौटुंबिक कोंडी झाली होती अशा स्नेह्यांसाठी. आपले कृत्य आपल्यापुरते नसते, हे ज्याला पूर्णपणे पटलेले आहे असा माणूस दाखवायचा झाला तर रानड्यांकडेच बोट दाखवावे लागेल.

पण मग काय झाले? वडिलांचे मन राखले, त्याचा भार एका अकरा वर्षांच्या मुलीवर गेला. स्नेह्यांची कोंडी सुटली, त्याचा भार सुधारणेच्या चळवळीवर गेला आणि रमाबाईंना ते प्रायश्चित्त किती झोंबले हे त्यांच्या लेखनात लपलेले नाही. माघार घेणे हाही एक निर्णय असतो, आणि तोही स्वतःपुरता राहत नाही, ही गोष्ट समन्वयवाद्यांच्या ध्यानात क्वचित येते. रमाबाईंच्या शिक्षणाचे प्रकरण तर या दृष्टीने अधिकच बोलके आहे. पत्नीला शिकवायचे हा रानड्यांचा निर्णय. तो अमलात येई रात्री, त्यांच्या खोलीत, त्यांच्या सौम्य देखरेखीखाली. त्याची शिक्षा मिळे दिवसा, माजघरात, घरातील वडीलधाऱ्या बायकांकडून, रानडे कचेरीत गेल्यावर. टोमणे, अबोला, वाटून दिलेली कामे. आणि याविषयी पतीजवळ तक्रार करायची नाही, हा रमाबाईंचा स्वतःचा निर्णय. रानडे सुधारकांमध्ये सर्वांत विचारी. तरीही त्यांच्या निर्णयाचे दिवसा काय होते हे त्यांना कितपत ठाऊक होते, असा प्रश्न ‘आठवणी’ वाचताना पडतो. रमाबाई तो विचारीत नाहीत. त्यांची भक्ती त्यांना तो विचारू देत नाही, आणि तरीही माजघराचे वर्णन त्या गाळत नाहीत. ग्रंथाचे सामर्थ्य या न गाळण्यात आहे.

या दोन्ही उदाहरणांत सोसणारी व्यक्ती लिहिती झाली. असे न घडले तर काय उरते, हे पाहण्यासाठी धर्मानंद कोसंबी यांच्या ‘निवेदना’कडे वळले पाहिजे. १९२४ मध्ये ग्रंथरूपाने आलेले हे आत्मचरित्र मराठीतील अत्यंत प्रामाणिक आत्मचरित्रांपैकी एक आहे, यात शंका नाही. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या या शेतकरी वृत्तीच्या, जवळजवळ शालेय शिक्षण नसलेल्या तरुणाने १८९७ च्या सुमारास ‘बालबोधमेवा’ मासिकात बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्याच्या आयुष्याला ध्येय मिळाले. (हे मासिक अमेरिकन मिशनचे. ख्रिस्ती मिशनच्या मुलांच्या मासिकाने गोव्यातील एका हिंदू तरुणाला बुद्धाकडे पाठवावे, हे ग्रंथांच्या परिणामांविषयी छातीठोक बोलणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.) १८९९ च्या अखेरीस त्यांनी गोवा सोडले. मुलगी माणिक त्या वर्षीच जन्मलेली, काही महिन्यांची. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप; १९०२ मध्ये तेथे श्रामणेर दीक्षा; पुढे ब्रह्मदेश. गोव्यातील घराशी पुन्हा गाठ पडली ती १९०६ मध्ये.

‘निवेदना’त धर्मानंद स्वतःला सोडत नाहीत. आपले दोष, दुबळेपणा, उपासमार, क्षुद्र राग हे सारे ते सांगतात. घर सोडताना झालेली मनाची ओढाताणही सांगतात. पण त्या सुमारे सहा वर्षांत बाळाबाई कोणाच्या घरी, कशा, कोणत्या शब्दांना तोंड देत राहिल्या, याचा वृत्तान्त त्या ग्रंथात नाही आणि असूही शकत नाही. लेखक तेथे नव्हता. हा प्रामाणिकपणाचा अभाव नव्हे, दृष्टिक्षेत्राची सीमा आहे. मराठीला ‘निवेदन’ मिळाले. बाळाबाईंची ‘स्मृतिचित्रे’ मिळाली नाहीत. परिणामी धर्मानंदांचा गृहत्याग आपल्या वाङ्मयेतिहासात एक तेजस्वी, निष्कलंक, वैयक्तिक साहस म्हणून उभा आहे, आणि टिळकांचे धर्मांतर मात्र एक कौटुंबिक घटना म्हणून. दोन कृत्यांच्या नैतिक स्वरूपात एवढे अंतर आहे काय? निश्चितच नाही. अंतर आहे ते दुसऱ्या निवेदकाच्या असण्यानसण्याचे.

धर्मानंदांनी पुढे बुद्धाच्या गृहत्यागाविषयी जे संशोधन केले ते या पार्श्वभूमीवर वाचले, की त्याला वेगळाच अर्थ प्राप्त होतो. मध्यरात्री, निद्रिस्त पत्नी व पुत्र यांच्याकडे एकदा पाहून गुपचूप निघालेला सिद्धार्थ ही प्रतिमा उत्तरकालीन चरित्रांतली. ‘भगवान बुद्ध’ (१९४०–४१) मध्ये धर्मानंदांनी अरियपरियेसन सुत्ताच्या आधारे ती नाकारली. त्या सुत्तानुसार आईबाप रडत असताना, त्यांच्यासमक्ष, बोधिसत्त्वाने मुंडन करून काषायवस्त्रे परिधान केली. विद्वत्तेच्या दृष्टीने हा पालीतील जुन्या साधनांना प्राधान्य देण्याचा भाग आहे. पण ज्याने स्वतः घर सोडले त्या विद्वानाने, गृहत्याग हा चोरून नव्हे तर रडणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत झाला असे सिद्ध करण्यात एवढे बळ खर्च करावे, यामागे काही निकड असली पाहिजे. सोसणाऱ्यांना साक्षीदार म्हणून तरी तेथे उभे करण्याची ती निकड आहे. मात्र सुत्तातील त्या वाक्यात आईबाप आहेत, पत्नी नाही.

गृहत्यागाचे कारणही धर्मानंदांनी बदलले. म्हातारा, रोगी, प्रेत या दृश्यांनी आलेले वैराग्य हे त्यांना पुरेसे वाटले नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यामधील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा, शस्त्रधारणेची किळस, हे सामाजिक कारण त्यांनी पुढे आणले. हा धागा डॉ. आंबेडकरांनी ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) या मरणोत्तर प्रकाशित ग्रंथात उचलला आणि त्यातून एक असा प्रसंग रचला, की प्रस्तुत प्रश्नाची इतकी नेमकी मांडणी अन्यत्र आढळत नाही. शाक्यसंघाने युद्धाचा ठराव केला आहे. सिद्धार्थ शस्त्र धरण्यास नकार देतो. हा त्याच्या विवेकाचा निर्णय. त्याचे फळ भोगावयास तो सिद्ध आहे. सेनापती त्याला सांगतो, की संघ तुला फाशी देऊ शकला नाही तरी तुझ्या कुटुंबावर बहिष्कार घालू शकतो, त्याच्या जमिनी जप्त करू शकतो. नेमका हाच क्षण आहे, जेथे सिद्धार्थाला उमगते की आपला नकार आपल्यापुरता राहू दिला जाणार नाही. दोष आपला, दंड घरच्यांना, ही योजना तो अमान्य करतो, आणि स्वतः परिव्राजक होऊन देश सोडण्याचा पर्याय पुढे करतो. गृहत्याग येथे कुटुंबापासूनचे पलायन राहत नाही. कुटुंबाला बहिष्कारातून वाचवण्याची ती अट बनते.

ज्याने बहिष्कार हे शस्त्र जन्मभर अंगावर झेलले आणि अभ्यासले, त्यालाच हा प्रसंग असा रचता आला. निर्णयाचा परिणाम आणि समाजाने निर्णयाबद्दल केलेली वसुली, लक्ष्मीबाईंनी अनुभवाने वेगळ्या ठेवलेल्या या दोन गोष्टी आंबेडकर कथानकाच्या पातळीवर वेगळ्या करून दाखवतात. पुढे ते आणखी एक पाऊल टाकतात : सिद्धार्थ घरी येऊन सांगतो. आईबाप शोक करतात. यशोधरा मात्र स्थिर राहते; तुमच्या जागी मी असते तर मीही हेच केले असते, या आशयाचे ती बोलते आणि राहुल लहान नसता तर स्वतःही सोबत निघाली असती असे सुचवते. अडीच हजार वर्षांच्या कथेत प्रथमच तिला विचारले गेले आहे. या संमतीविषयी एक शंका राहते आणि ती दडवण्यात अर्थ नाही. ही यशोधरा फार लवकर तयार होते. लक्ष्मीबाईंना लागलेली पाच वर्षे तिला एका संभाषणात ओलांडावी लागतात. विचारले जाणे आणि उत्तर द्यायला अवधी मिळणे यांत फरक आहे, आणि संहितेच्या गरजेपुढे तो फरक येथे मिटलेला दिसतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेले धर्मांतर सामुदायिक होते, हे या संदर्भात केवळ राजकीय डावपेच म्हणून समजून घेणे अपुरे आहे. एकट्याने धर्म बदलला की काय होते याचा साठ वर्षांचा महाराष्ट्रीय अनुभव गाठीशी होता. सर्वांनी मिळून उंबरठा ओलांडला, तर मागे राहून दंड भरणारा कोणी उरत नाही. तरी उंबरठ्याच्या आत काय होते हा प्रश्न सामुदायिक निर्णयानेही संपत नाही, याची साक्ष बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) देते. त्यातील निवेदक ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ म्हणून अधिक बोलतो. ते एका समूहाच्या उत्थानाचे कथन आहे. मात्र ते लेखन लेखिकेने घरच्यांपासून कित्येक वर्षे लपवून ठेवले होते. सर्वांचा म्हणून घेतलेल्या निर्णयातही एकीला आपली वही लपवावी लागली.

याच्या उलट, ‘स्मृतिचित्रे’ लिहिण्यास कारण झाला तो दत्तूच. वडिलांचे १९१९ मध्ये निधन झाल्यावर देवदत्त नारायण टिळक यांना त्यांचे चरित्र सिद्ध करावयाचे होते आणि त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. साधनसामग्री म्हणून मागवलेल्या त्या टिपणांचे हळूहळू दुसरेच काही झाले. ज्याच्या चरित्रासाठी ती लिहिली जात होती तो निर्णयकर्ता त्यांत एक पात्र झाला. प्रेमळ, अव्यवहारी, अनावर असे पात्र. मुलाने ते ओळखले आणि त्यांना चरित्राच्या चौकटीत पुन्हा कोंबण्याचा आग्रह धरला नाही. १८९५ मध्ये ज्याला कोणी विचारले नाही आणि १९०० मध्येही फारसे विचारले नाही, त्याने तीसपस्तीस वर्षांनी आईला विचारले. लक्ष्मीबाई उत्तर लिहीत राहिल्या ते २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या वारल्या तोपर्यंत.